धूर अग्नीचा की ओल्या इंधनाचा

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म आणि दोष यांच्या नात्याविषयी एक उपमा आली आहे. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा माणसाचा प्रत्येक आरंभ, म्हणजे त्याने हाती घेतलेला प्रत्येक उद्योग, कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेला असतो, आणि म्हणून सहजपणे वाट्याला आलेले काम केवळ सदोष आहे एवढ्याच कारणावरून टाकू नये, असा तिचा आशय आहे. न्यायदर्शन, म्हणजे ज्ञान खरे केव्हा ठरते आणि अनुमान कोठे फसते याचा विचार करणारे भारतीय तर्कशास्त्र, याच अग्नीकडे आणि याच धुराकडे पाहून निराळा निष्कर्ष काढते. नैयायिकांच्या मते धूर हा अग्नीचा स्वभाव नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, आणि धूर उठतो तो अग्नीचा ओल्या सरपणाशी संयोग झाल्यामुळे. पहिल्या मतानुसार दोष कर्माबरोबरच जन्माला येतो, तो सहज आहे. दुसऱ्या मताचा रोख धरला तर दोष औपाधिक आहे, म्हणजे बाहेरच्या एखाद्या अटीमुळे चिकटलेला आहे, आणि ती अट दूर झाली की तोही दूर व्हावा. ही दोन मते एकमेकांसमोर क्वचितच उभी केली जातात, कारण गीतेतील उपमा नीतीच्या संदर्भात वाचली जाते आणि नैयायिकांचे उदाहरण तर्काच्या वर्गात शिकवले जाते.

प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि त्याचा निवाडा हाताला काजळी लावून घेऊनच करावा लागतो असे एक ठिकाण म्हणजे मोटारवाहनाचे इंजिन. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक वाहनांत सेकंडरी एअर इंजेक्शन नावाची एक छोटी यंत्रणा असते. मराठीत तिला दुय्यम हवेची यंत्रणा म्हणता येईल. इंजिनाला ज्वलनासाठी जी हवा मिळते ती पहिली. ज्वलन झाल्यानंतर, धूर बाहेर पडत असताना, त्या धुरातच जी ताजी हवा सोडली जाते ती दुसरी. काम झाल्यावर मागे राहिलेला दोष त्याच कामाच्या उरलेल्या उष्णतेत जाळून टाकणे हा तिचा हेतू असतो. दोष सहज की औपाधिक हा प्रश्न विचारण्यासाठी यापेक्षा नेमके साधन सापडणे कठीण आहे, आणि रायगडच्या किनाऱ्यावर, मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ही यंत्रणा वारंवार बिघडवत असल्यामुळे तो प्रश्न तेथे केवळ ग्रंथातला राहत नाही.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचा काही अंश थेंबांच्या रूपाने आतल्या गार धातूला चिकटून राहतो, आणि तरीही इंजिन चालू राहावे म्हणून सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल द्यावे लागते. कोकणातील उबदार सकाळीही हे घडते, कारण येथे थंड याचा अर्थ इंजिनाच्या नेहमीच्या, सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या मानाने थंड असा आहे. या जादा पेट्रोलपैकी काही अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बनतो आणि काही न जळताच हायड्रोकार्बनच्या रूपाने बाहेर पडते. शतकानुशतके पाठशाळांतून उच्चारले गेलेले ओले इंधन येथे अक्षरशः हजर आहे: धातूवर थिजलेला पेट्रोलचा ओलावा हीच धुराची अट आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप दिलेली सायलेन्सरच्या वाटेवरची जाळी, सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही, त्यामुळे दोष सर्वांत जास्त असतो तेव्हाच शुद्धीचे मुख्य साधन निद्रिस्त असते. दुय्यम हवा ही उणीव भरून काढते. ती धुरातील अर्धवट जळलेल्या वायूंना प्राणवायू पुरवते, ते वायू वाटेतच जळतात, आणि त्या ज्वलनाच्या उष्णतेने जाळीही लवकर तापते.

मोटारींत या कामासाठी विजेवर चालणारा पंप, त्याचा रिले आणि फ्यूज, हवा सोडणारी झडप आणि धूर उलटा पंपाकडे जाऊ नये म्हणून एकाच दिशेने उघडणारी एकमार्गी झडप असते. दुचाकीत पंप नसतो. सायलेन्सरमधील धूर एका लयीत धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये तेथे क्षणभर दाब कमी होतो. त्या क्षणी पातळ पात्याचा रीड व्हॉल्व्ह उघडतो आणि एअर फिल्टरमधली स्वच्छ हवा आत ओढली जाते. ज्या श्वासाने धूर बाहेर टाकला जातो त्याच्याच उलट झोताने त्याची शुद्धी व्हावी, ही रचना पाहणाऱ्याला आदराने थांबवते. येथे एक पथ्य मात्र पाळावे लागते. वेगात असलेल्या गाडीची मूठ एकदम सोडली की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते, आणि त्याच वेळी ताजी हवाही आली तर ते तेथेच भडकून फटाके फुटल्यासारखा आवाज होतो. म्हणून अशा वेळी इंजिनाच्या ओढीवर चालणारी एक बारीक नळी त्या झडपेला बंद करते. हीच नळी खाऱ्या हवेत कडक होऊन तडकते, किंवा तिला उंदीर कुरतडतात.

निदान, म्हणजे लक्षणावरून कारणाकडे जाणे, हे न्यायशास्त्राच्या परिभाषेत शेषवत् अनुमान होय. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: कारणावरून कार्याकडे जाणारे पूर्ववत्, कार्यावरून कारणाकडे जाणारे शेषवत्, आणि सामान्य साम्यावर आधारलेले सामान्यतोदृष्ट. शेषवताचे भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उदाहरण म्हणजे नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असावा असे ओळखणे. सूत्रकाराने यावरचा आक्षेपही प्रामाणिकपणे नोंदवला आहे. नदी बांध घातल्यामुळेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे म्हणावे तर त्यांचे वारूळ कोणी मोडल्यामुळेही त्या निघतात. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणावे तर माणूसही तसा आवाज काढू शकतो. मग अनुमानाला प्रमाण कसे मानावे?

हा आक्षेप कुंडलिका नदीच्या काठी राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कोलाडजवळ ही नदी भर उन्हाळ्यात सकाळी फुगते, कारण वर भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून वापरलेले पाणी तिच्यात सोडले जाते. रेवदंड्याच्या खाडीत तीच नदी भरतीच्या वेळी फुगते, आणि त्याचा ना पावसाशी संबंध असतो ना धरणाशी. कार्य एक, कारणे तीन. सूत्रकाराचे उत्तर असे आहे की येथे दोष अनुमानाचा नसून अनुमान करणाऱ्याचा आहे, कारण त्याने नुसते फुगणे हेच लक्षण धरले. भाष्यकार पुढे जाऊन सांगतो की पावसाने आलेल्या पुराला ओढ असते, त्यात फेस असतो, आणि फळे, पाने, लाकडे वाहत येतात. कुंडलिकेच्या बाबतीत पाण्याचा तांबडा गढूळपणा, चव आणि ते कोणत्या दिशेने वाहते आहे हे पाहिले तर तिन्ही कारणे सहज वेगळी होतात. लक्षण अधिक बारकाईने पाहणे, हाच चुकलेल्या अनुमानावरचा इलाज आहे.

दुय्यम हवेच्या यंत्रणेचे निदान याच वाटेने जाते आणि याच वळणांवर चुकते. दुचाकीच्या सायलेन्सरमधून फटाके फुटू लागले की हवेच्या झडपेला दोषी ठरवण्याची घाई होते. परंतु असे फटाके सायलेन्सरच्या तोंडाशी असलेले गॅस्केट फुटून तेथून बाहेरची हवा आत येत असली तरी फुटतात, पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बिघडले तरी फुटतात, आणि प्लगची ठिणगी अधूनमधून चुकली तरी फुटतात. जे लक्षण अनेक कारणांशी संबंध ठेवते त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे एका ठिकाणी एकनिष्ठ न राहणारा, आणि तो हेत्वाभासांत, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या पण कारण नसलेल्या गोष्टींत, सर्वांत पहिला मोजला जातो. बारीक नळी काढून तिच्यातून झडपेवर ओढ दिली आणि झडप बंद झाली, ओढ सोडली आणि ती उघडली, तर झडप निर्दोष आहे असे म्हणता येते. झडपेकडून हवेच्या नळीत गरम धूर उलटा येत असेल, किंवा नळी आतून काजळीने काळी झाली असेल, तर रीड व्हॉल्व्हचे पाते नीट बसत नाही हे सिद्ध होते. ही लक्षणे एकाच कारणाशी निष्ठा ठेवतात.

मोटारीत हा प्रश्न अधिक फसवा होतो, कारण तेथे संगणक स्वतःच अनुमान करून ठेवतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडला की पी ०४१० किंवा पी ०४११ असा संकेतांक दिसतो. पहिला दुय्यम हवेच्या यंत्रणेत बिघाड असल्याचे सांगतो आणि दुसरा हवेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नसल्याचे. या संकेतांकालाच पंपाचा बिघाड समजणे ही गॅरेजमधील सर्वांत महागडी चूक आहे. संकेतांक इतकेच सांगतो की हवा अपेक्षेप्रमाणे पोहोचली नाही. ती का पोहोचली नाही हे त्याला माहीत नसते. फ्यूज उडाला असेल, रिलेचे टोक गंजले असेल, नळी फुटली असेल, झडप अडकली असेल, हवेचे छिद्र कार्बनने बुजले असेल, किंवा पंप खरोखरच निकामी झाला असेल. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना ते चालू करून आधी पंपाचा घरघराट ऐकावा लागतो. आवाज नसेल तर पंपाच्या जोडणीपर्यंत वीज येते का ते मोजावे लागते. वीज असून पंप फिरत नसेल तरच पंपावर ठपका ठेवता येतो. आवाज असेल तर नळी काढून हवा येते का ते हाताने पाहावे लागते, आणि हवा येत असेल तर ती धुरापर्यंत जाते का याची साक्ष ऑक्सिजन सेन्सरकडून घ्यावी लागते. हा सेन्सर धुरातील प्राणवायू ओळखतो. बहुतेक पेट्रोल मोटारींत त्याचा विद्युतदाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान हलत असतो, आणि दुय्यम हवा खरोखर पोहोचली तर तो खालच्या टोकाशी जाऊन थांबतो. गरम इंजिनावर केलेली तपासणी मात्र व्यर्थ जाते, कारण तेव्हा यंत्रणा आपणहून बंद असते आणि तिचे मौन हा दोष नसतो.

खाऱ्या किनाऱ्यावर आणखी एक गाठ सोडवावी लागते. पंप गंजून अडकलेला सापडला, नवा बसवला, आणि काही महिन्यांत तोही अडकला, असे घडते तेव्हा दोष समुद्रावर ढकलून मोकळे होणे सोपे असते. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून खाऱ्या फवाऱ्यातून गेलेल्या मोटारींची संख्या वाढली आहे, त्यामुळे हे कारण पटतेही. पण पुष्कळदा खरे कारण एकमार्गी झडपेत असते. ती नीट मिटत नसल्यामुळे गरम धूर उलटा फिरतो, धुरातील वाफ गार पंपात पाणी होऊन साचते, आणि ते पाणी पंपाला आतून खाते. समुद्र बाहेरून आणि धूर आतून, असे दोन आरोपी एकाच वेळी उभे असताना पंप उघडून गंज कोणत्या बाजूने सुरू झाला हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

जवळ असलेल्या वस्तूचा धर्म दुसऱ्या वस्तूवर उमटून ती तशीच आहे असे वाटायला लावणाऱ्या गोष्टीला उपाधी म्हणतात. जास्वंदीच्या फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, हे त्याचे पारंपरिक उदाहरण आहे. तर्कशास्त्रात उपाधीची व्याख्या अधिक काटेकोर आहे: जे सिद्ध करायचे त्याच्याबरोबर ती सर्वत्र असते, पण ज्या हेतूने ते सिद्ध करायचे त्याच्याबरोबर सर्वत्र नसते. धुराबरोबर ओले इंधन नेहमी असते, अग्नीबरोबर ते नेहमी नसते, म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान उपाधीने दूषित होते. उपाधी ओळखायची कशी, याचे उत्तम उदाहरण याच किनाऱ्यावर, अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या हलणार आणि ते हलणे पृथ्वीचे समजले जाणार, हे ओळखून वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. पण हलवताना १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवण्यात आल्या, म्हणजे कोणता फरक पृथ्वीचा आणि कोणता जागेचा हे वेगळे करता यावे. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. दोष दिसण्यापूर्वीच त्याच्या उपाधीचा हिशेब मांडून ठेवणाऱ्या त्या लोकांनी नैयायिकांचे काम केले, जरी त्यांनी त्या शब्दाचा आश्रय घेतला नसला तरी.

निदान झाल्यानंतरचा प्रश्न शुद्धीचा आहे, आणि येथे दुय्यम हवेची यंत्रणा धर्मशास्त्राच्या एका जुन्या वादाला स्पर्श करते. धुरात ताजी हवा सोडल्यावर दोन गोष्टी घडू शकतात. धूर पुरेसा गरम असेल तर कार्बन मोनॉक्साइड जळतो आणि विष खरोखर नाहीसे होते. धूर गार असेल, किंवा हवा चुकीच्या जागी शिरत असेल, तर विष तेवढेच राहते आणि हवेच्या भरीमुळे त्याचे शेकडा प्रमाण मात्र कमी दिसते. पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रणात असल्याचे प्रमाणपत्र, देताना सायलेन्सरच्या तोंडाशी शेकडा प्रमाण मोजले जाते, म्हणून सायलेन्सरला भोक पडलेली गाडी खऱ्यापेक्षा स्वच्छ भासू शकते. जाळणे आणि पातळ करणे यांत आकड्यापुरता फरक राहिला नाही तरी श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसापुरता तो पूर्ण राहतो.

याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे, आणि त्यात नेमका हाच भेद केला आहे. नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत प्रायश्चित्ताने माणूस फक्त व्यवहार्य होतो, म्हणजे समाजात वावरण्यास पात्र ठरतो. या स्मृतीवरची अपरार्क टीका १२व्या शतकातील उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याच्या नावावर आहे. ज्यांच्या काळचा मराठी शिलालेख अलिबागजवळ आक्षी येथे सापडला त्या शिलाहारांच्याच कुळातला हा राजा. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा हा सारा विचार विस्ताराने मांडला आहे. पाप जाणे आणि व्यवहार्य होणे यांतील भेद प्राचीन ग्रंथकारांनी लपवला नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण आहे. पीयूसीचा कागद माणसाला व्यवहार्य करतो. धूर जळला की नाही हे तो कागद सांगेलच असे नाही.

फटाके थांबावेत म्हणून काही ठिकाणी हवेची नळीच खिळा ठोकून किंवा रबरी टोपण लावून बुजवली जाते. आवाज बंद होतो, गाडीचा मालक समाधानाने जातो, आणि कार्बन मोनॉक्साइड पूर्वीपेक्षा अधिक बाहेर पडू लागतो. दोषाची साक्ष देणाऱ्याचे तोंड बांधून दोष गेला असे मानण्याचा हा प्रकार आहे, आणि तो केवळ तांत्रिक चुकारपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या धुराच्या मागे दुसऱ्या दुचाकीवर कोणी तरी लहान मूल बसलेले असते.

शुद्धीचा याहून भीषण विपर्यास म्हणजे जेथे दोषच नाही तेथे तो शोधणे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे नगरपालिकेने सर्वांना खुल्या केलेल्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी त्याच तळ्यात पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून त्याचे शुद्धीकरण केले. तर्काच्या अंगाने पाहिले तर येथे व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा नियत संबंध, कोठेच नव्हता. त्या तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नव्हता, गुरेही पाणी पीत होती, आणि तरीही पाणी विटाळले नव्हते. विटाळाचा रंग पाण्यात नव्हता, तो पाहणाऱ्याच्या मनातील जास्वंदीचा होता. तळ्याचा दिवाणी दावा पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो आंबेडकरांच्या बाजूने निकाली निघाला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून असल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही. निर्दोष सुटा भाग बदलून टाकणाऱ्या मेकॅनिकची चूक पैशांची असते. निर्दोष माणसाला दोषी ठरवून त्याच्या स्पर्शाची शुद्धी करणाऱ्या समाजाची चूक कोणत्या तुलनेत बसवावी, हे सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की दोन्हींकडे निदानाआधीच शुद्धीला हात घातलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. दुय्यम हवा निर्दोष चालली, झडपा वेळेवर मिटल्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापला, तर ओल्या इंधनाचा धूर जवळजवळ संपूर्ण जातो. येथवर नैयायिकांचे म्हणणे खरे ठरते. पण कार्बन मोनॉक्साइड जळून जे बनते तो कार्बन डायऑक्साइड असतो, आणि एक लिटर पेट्रोल, जे वजनाने पाऊण किलोच्या आसपास असते, कितीही शुद्ध जळले तरी हवेतील प्राणवायू घेऊन सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड मागे ठेवते. हा धूर डोळ्यांना दिसत नाही, तो कोणत्याही ओलाव्यामुळे आलेला नाही, तो ज्वलनाचाच दुसऱ्या नावाने उच्चार आहे. तसेच नायट्रोजनची ऑक्साइडे ज्वलनाच्या तीव्र उष्णतेतूनच जन्मतात, आणि दुय्यम हवा त्यांना कमी करू शकत नाही; उलट ती चालू राहिली तर जादा प्राणवायूमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला या वायूंचे विघटन करता येत नाही, म्हणून मोटारीतला पंप थोड्याच वेळात बंद केला जातो. शुद्धीचे एक साधन मर्यादेपलीकडे चालले तर दुसऱ्या शुद्धीच्या आड येते. दोषाचा एक भाग औपाधिक आणि एक भाग सहज, आणि त्यांची सीमारेषा तपासणीशिवाय कोणालाही आधी सांगता येत नाही. गीतेतील उपमेचा आधार घेऊन जो काढता येण्याजोगा दोषही सहज म्हणून सोडून देतो, तो त्या उपमेचा दुरुपयोग करतो. आणि जो न्यायाचा आधार घेऊन सगळाच दोष काढता येतो असे मानतो, त्याने लोखंडी गोळ्याचा पुरता विचार केलेला नसतो.

पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली तेव्हा कर्म टाकण्याऐवजी ते निर्मळ करीत जाण्यावर त्यांचा भर होता. त्या भूमिकेत लोखंडी गोळ्याचा प्रश्न विचारला तर तो असा होतो: गोळ्यात धूर नाही हे खरे, पण तो तापला कोठे? तो लोहाराच्या भट्टीत तापला, आणि धूर तेथे उरला. अलिबाग ते रेवदंडा या रस्त्यावर आता विजेच्या दुचाकी आवाज न करता, सायलेन्सर नसतानाच धावू लागल्या आहेत. त्यांत ना झडप आहे ना पंप, आणि त्यांच्या मागे बसलेल्या मुलाच्या श्वासासाठी हे निश्चितच चांगले आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज मात्र चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. जाळल्याशिवाय होणाऱ्या विजेपैकी काही टाटांच्या भिरा केंद्रात १९२७ पासून, म्हणजे चवदार तळ्याच्या वर्षापासून, मुळशी तलावाच्या पाण्यावर तयार होते, आणि त्या तलावाखाली गेलेल्या गावांसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून तीन वर्षे सत्याग्रह केला होता. टर्बाइन फिरवून मोकळे झालेले ते पाणी सकाळी कोलाडजवळ कुंडलिकेत उतरते, नदी फुगते, आणि वर कोठेही पाऊस झालेला नसतो.